डँडेलियनचा चहा आणि जंतूंच्या ताटलीतलं वर्तुळ

शेजारच्या काकूंनी गेल्या महिन्यात दारातूनच एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर पिवळं फूल, शेजारी कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा आणि ठळक अक्षरांत ‘डँडेलियन टी’.

“बघ की जरा वाचून,” त्या म्हणाल्या. “लघवीला जळजळ व्हायल्या चार दिस झालं. व्हिडिओत सांगितलंय, ह्यानं जंतू मरत्यात. परवापास्नं पितोय मी. जरा बरं वाटतंय बघ.”

पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अँटिमायक्रोबियल गुणधर्म’, म्हणजे जंतुविरोधी. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, पुढं बरीच वर्षं मुलांची प्रॅक्टिकल घेतली, त्यामुळं या शब्दाशी माझा जुना संबंध. शब्द खोटा नव्हता. पण काकूंनी त्यातून जे घेतलं, ते त्या शब्दात नव्हतं. हे अंतर किती आणि कशामुळं, ते त्यांना समजावताना दोन दुपारी गेल्या. तेच इथं लिहिते आहे, कारण अशी पाकिटं आता घरोघरी दिसायला लागली आहेत.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. डँडेलियन हे थंड हवेतलं रोप, शास्त्रीय नाव टॅरॅक्सॅकम ऑफिसिनाले. आपल्या देशात ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडाकडं सहज उगवतं. हिंदीत त्याला दुधल म्हणतात, कारण पान तोडलं की पांढरा चीक येतो. कोल्हापूरच्या आसपास ते आपणहून उगवलेलं मी पाहिलेलं नाही. रंकाळ्याच्या काठाला, पंचगंगेकडं जाताना किंवा शेताच्या बांधावर आपण ज्याला डँडेलियन समजतो, ती बहुतेक वेळा पाथरी असते, नाहीतर एकदांडी.

पाथरीचं आणि त्याचं नातं मात्र खरंच जवळचं. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, आणि त्या कुळातही चिकाच्या शाखेतल्या. पानं जमिनीला धरून चक्रासारखी पसरलेली, कडा दातेरी, फूल पिवळं, बीला पांढऱ्या केसांची छत्री. फरक ओळखायचा तर दांडा बघावा. डँडेलियनचा दांडा पोकळ, त्यावर एकही पान नाही आणि टोकाला एकच फूल. पाथरीचे फुटवे मात्र जमिनीवरून पसरत जातात. मी हे सांगत असताना काकू मध्येच म्हणाल्या, “म्हंजे आपली पाथरीच की! आमची आई भाकरीसंगट कच्ची खायाची.” आणि ते बरोबरच होतं.

एकदांडीची गोष्ट थोडी वेगळी. तिलाच आपण दगडी पाला म्हणतो. माझ्या आजीला भांगलताना खुरपं लागलं, की ती बांधावरचा हा पाला तळहातावर चुरगळायची आणि रस जखमेवर पिळायची. शेतावर वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मला याच्यातलं नवल असं वाटतं, की ही वनस्पती मूळची इथली नाहीच. ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आली आहे. म्हणजे आपल्याकडं आल्यावर कुणीतरी ती चुरगळली, लावून बघितली, उपयोग होतोय असं वाटलं, दुसऱ्याला सांगितलं, आणि काही पिढ्यांत ती आजीच्या बोटांपर्यंत पोचली. लोकऔषध म्हणजे फक्त जुन्या पोथीतून आलेलं नसतं. लोक सतत बघत असतात, पडताळत असतात.

डँडेलियनच्या बाबतीतही हे बघणं अनेक देशांत झालेलं आहे. इंग्रजी नाव आलं फ्रेंचमधल्या ‘सिंहाचा दात’ या शब्दांवरून, पानांच्या कडांमुळं. पण फ्रेंच लोक त्याला रोजच्या बोलण्यात ‘पिसांली’ म्हणतात, म्हणजे अंथरूण ओलं करणारं. लघवी जास्त होते, हे नावातच आलं. शास्त्रीय नावातलं ‘ऑफिसिनाले’ म्हणजे औषधाच्या कोठारात ठेवण्याजोगं. काश्मिरात याच पानांना हंद म्हणतात आणि बाळंतिणीला त्यांची भाजी खायला घालतात. चीनमध्ये त्याच जातकुळीतलं रोप ‘पू गोंग यिंग’ या नावानं वापरतात, आणि तिथला वापर विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनाला सूज येऊन पू झाला, गळू आलं, की ही वनस्पती वाटून लावायची आणि काढा प्यायला द्यायचा. हा पू, ही गळवं, यांच्याकडं मी पुढं परत येणार आहे.

आता मूळ प्रश्न. वनस्पतीत जंतू मारणारं काही असतंच कशाला?

झाडाला पळून जाता येत नाही. अळी मूळ कुरतडायला लागली, बुरशी पानावर बसली, तरी ते जागचं हलत नाही. म्हणून ते आत रसायनं साठवतं. डँडेलियनच्या चिकात असलेल्या एका कडू पदार्थावर २०१६ साली प्रसिद्ध झालेलं एक सुरेख संशोधन आहे. या रोपाची मुळं जमिनीतली हुमणी खाते, म्हणजे आपल्याकडं उसाचे बुडखे खाते तिच्यासारखीच एक अळी. संशोधकांना दिसलं, की चिकात तो कडू पदार्थ जास्त असेल तर अळी मूळ कमी खाते आणि रोप तगतं. ऊसकऱ्याला हे लगेच पटेल. म्हणजे तो कडूपणा रोपानं स्वतःसाठी बनवलेला आहे. माणसाच्या मूत्राशयातल्या जंतूंचा विचार करून तो बनलेला नाही. त्याचा आपल्याला उपयोग होऊ शकतो, पण तो आपोआप होईल असं मानायला आधार नाही.

कडू पदार्थांशिवाय पानात, मुळात, फुलात आणखी बरंच काही असतं. क्लोरोजेनिक आणि चिकोरिक आम्लं, टॅरॅक्सॅस्टेरॉल, मुळात इन्युलिन नावाची साखरेची लांब साखळी, पानात भरपूर पोटॅशियम आणि के जीवनसत्त्व. फुलांतून तर जंतूंना आणि बुरशीला रोखणारी छोटी प्रथिनंही वेगळी काढलेली आहेत. तेव्हा ‘डँडेलियनमध्ये जंतुविरोधी पदार्थ आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर सरळ हो असंच आहे.

पण ते कसं ठरवतात, हे बघितल्याशिवाय त्या ‘हो’ची किंमत कळत नाही.

प्रयोगशाळेत एक उथळ, झाकणाची काचेची ताटली घेतात. तिच्यात अगर ओततात. अगर म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला, चायना ग्रासच्या जातीचा पदार्थ, त्यात जंतूंचं खाद्य मिसळलेलं. तो खरवसासारखा थिजला की त्यावर एकाच जातीचे जंतू कापसाच्या बोळ्यानं सगळीकडं सारखे फिरवायचे. मग टिकलीएवढी कागदाची चकती वनस्पतीच्या अर्कात बुडवून मधोमध ठेवायची आणि ताटली रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवून द्यायची. सकाळी बघावं तर सगळीकडं जंतूंचा दुधट थर वाढलेला असतो. अर्कात दम असेल तर चकतीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ दिसतं. तिथं जंतू वाढू शकले नाहीत. पट्टी लावून ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. ही पद्धत १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बांधून दिली, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही ती वापरतात.

पहिल्यांदा ते वर्तुळ दिसलं की विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. पण लसणीचा रस ठेवला तरी वर्तुळ पडतं, लवंगेच्या तेलानं पडतं, व्हिनेगरनं पडतं. वर्तुळ एवढंच सांगतं, की या ताटलीत, या जंतूला, एवढ्या अर्कानं, रात्रभर रोखलं. या चार गोष्टींतली एक जरी बदलली तरी उत्तर बदलू शकतं. वर्तुळाच्या मापावरून दोन वनस्पतींची तुलना करणंही धोक्याचं असतं. काही पदार्थ अगरमधून सहज पसरतात, काही चकतीलाच चिकटून राहतात. जोरदार पण जागेवरून न हलणाऱ्या पदार्थाचं वर्तुळ लहान दिसतं.

अर्क कशात काढला, हाही मोठाच प्रश्न. घरी आपण पान पाण्यात उकळतो. प्रयोगात बरेचदा अल्कोहोल किंवा त्याहून तीव्र द्रावकात मुळं भिजवून, द्रावक उडवून, खाली राहिलेला घट्ट अर्क घेतात. पाण्यात न उतरणारे पदार्थ त्यात उतरतात. म्हणजे ज्या अर्कानं वर्तुळ पाडलं, तो अर्क आणि काकूंच्या कपातला चहा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रोप तेच असलं तरी.

त्यानंतर प्रश्न येतो, जंतू कोणता. १८८४ साली हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं जंतूंना रंगवण्याची एक युक्ती शोधली. काही जंतू जांभळे राहतात, काही रंग सोडतात आणि नंतर गुलाबी दिसतात. पहिल्यांना ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणतात, दुसऱ्यांना ग्रॅम-निगेटिव्ह. हा नुसता रंगाचा फरक नाही, घराच्या बांधणीचा आहे. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूची भिंत जाड पण सच्छिद्र, विटा रचाव्यात तशी. ग्रॅम-निगेटिव्हची भिंत पातळ, पण तिच्या बाहेरून आणखी एक तेलकट आवरण. जाड विटांच्या भिंतीतून पाणी झिरपतं; पातळ भिंतीला बाहेरून डांबर फासलं तर झिरपत नाही. वनस्पतीतले कितीतरी पदार्थ त्या बाहेरच्या आवरणावरच अडतात.

डँडेलियनच्या मुळांच्या अर्कानं प्रयोगांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची वाढ रोखलेली आहे. हा ग्रॅम-पॉझिटिव्ह. आणि गळू, पू, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनातला संसर्ग, यांमागं बहुतेक वेळा हाच असतो. मी वर म्हटलं होतं, पुवाकडं परत येईन, ते यासाठी. चीनमधल्या वैद्यांना जंतू दिसत नव्हते, पण त्यांनी ही वनस्पती नेमकी ज्या दुखण्यावर लावली, त्याच दुखण्याच्या जंतूवर ती ताटलीत काम करताना दिसते. एवढ्यानं उपचार सिद्ध होत नाही. पण लोकांचं निरीक्षण आणि प्रयोगशाळा एकाच दिशेला बोट दाखवतात, तिथं आणखी शोध घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काकूंचं दुखणं मात्र वेगळं. बायकांच्या लघवीच्या संसर्गामागं बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जंतू असतो. तो ग्रॅम-निगेटिव्ह, डांबर फासलेल्या भिंतीचा. काही खास पद्धतीनं काढलेल्या अर्कांनी त्यालाही रोखल्याचे प्रयोग आहेत, पण साधारणपणे डँडेलियनचा जोर त्याच्यावर कमीच पडतो.

समजा, पडला जोर. तरी मात्रेचा हिशोब उरतोच. मी काकूंच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर तो मांडून दाखवला. धरून चालू, की एखादा अर्क दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असला की जंतू थांबतात. वनस्पतींच्या साध्या अर्कांसाठी हा आकडा वाईट नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे ५,००० मिलिलिटर. तेवढी मात्रा रक्तात यायची तर एकाच वेळी ५ ग्रॅम निव्वळ अर्क रक्तात हवा. चहाच्या पुडीत २ ग्रॅम पाला असेल आणि त्यातला पावभाग पाण्यात उतरला असं धरलं, तर कपात अर्धा ग्रॅम आला. म्हणजे १० कप एका दमात, आणि त्यातला कणन् कण रक्तात पोचायला हवा. तसं होत नाही. आतडं बराचसा भाग आत घेतच नाही, घेतलेला यकृत मोडतं आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात. चांगली अँटिबायोटिक्स ई. कोलायला याच्या हजारपट कमी मात्रेत, मायक्रोग्रॅममध्ये रोखतात. शिवाय लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टर जी औषधं निवडतात, त्यांतली काही मुद्दाम लघवीत जमणारी असतात. नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात फारसं टिकत नाही, ते मूत्रपिंडातून थेट लघवीत उतरतं, जिथं लढाई चालू आहे तिथंच.

“मग मला बरं कसं वाटलं?” काकूंनी विचारलं. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्यांचा अनुभव खरा होता.

२००९ साली १७ निरोगी माणसांना डँडेलियनच्या पानांचा अर्क देऊन एक छोटा अभ्यास झाला. पहिल्या मात्रेनंतरच्या पाच तासांत त्यांची लघवीला जाण्याची वारंवारिता वाढली. अभ्यास एका दिवसाचा, तुलनेसाठी दुसरा गट नाही, तरी फ्रेंच नावाशी तो जुळतो. त्यात काकू दिवसाला चार-पाच कप गरम पाणी जास्तीचं पीत होत्या. लघवी पातळ झाली, की जळजळ कमी होते. थोडे जंतू धुऊनही जातात. म्हणून बरं वाटलं. पण उरलेले जंतू मूत्राशयाच्या आतल्या कातडीला धरून असतात, आणि ते वर मूत्रपिंडांकडं सरकले तर थंडी-ताप, कंबरदुखी आणि मग दवाखान्यात भरती.

एक चाचणी मी त्यांच्यापासून लपवली नाही, कारण ती डँडेलियनच्या बाजूनं आहे. १९९३ साली स्वीडनमध्ये परत परत लघवीचा संसर्ग होणाऱ्या ५७ बायकांवर ती झाली. काहींना डँडेलियन आणि बेअरबेरी नावाच्या झुडपाची पानं मिळून केलेल्या गोळ्या महिनाभर दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. औषधाच्या गटात वर्षभर एकीलाही पुन्हा संसर्ग झाला नाही, दुसऱ्या गटातल्या काहींना झाला. आशा वाटावी असा निकाल आहे. पण तिथं दोन वनस्पती एकत्र होत्या, बायका थोड्या होत्या, आणि संसर्ग नसताना तो परत येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. चालू संसर्ग बरा करण्यासाठी नव्हे. काकूंचा चालू होता.

वनस्पतीतून औषध येतच नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. चैत्रात जोतिबाला आपण दवणा वाहतो. तो दवणा याच सूर्यफुलाच्या कुळातला, आर्टेमिसिया या गटातला. त्याच गटातल्या दुसऱ्या एका वनस्पतीतून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन निघालं. चीनमध्ये तू योयो या शास्त्रज्ञ बाईंनी जुने नुस्खे गोळा करून चाळले. अर्क कधी काम करायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना वाचायला मिळालं, की पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. उकळा असं तिथं म्हटलेलंच नव्हतं. उष्णतेनं औषध नासत असेल, हे त्यांनी ताडलं, कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आणि १९७१ साली तो हिवतापाच्या जंतूवर पूर्ण लागू पडला. प्राण्यांवर बघून झाल्यावर माणसांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. परंपरेनं वाट दाखवली. पण नेमका पदार्थ कोणता, किती द्यायचा, कसा काढायचा, कुणाला सोसतो, हे ठरवायला वर्षं लागली. डँडेलियनच्या बाबतीत ती वर्षं अजून खर्च झालेली नाहीत.

एक सावधगिरी आपल्या भागासाठी खास. गाजर गवत काढताना ज्यांच्या हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, कातडी जाड काळी होते, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. गाजर गवत याच कुळातलं, आणि त्यातला खाज आणणारा पदार्थ डँडेलियनच्या चिकातल्या कडू पदार्थाच्याच रासायनिक घराण्यातला. एकाची ॲलर्जी असली तर दुसऱ्याचीही होऊ शकते. अशांनी हा चहा पिऊ नये. पित्ताशयात खडे असतील, लघवी होण्याची गोळी किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी पानांची भाजी किंवा पावडर अचानक सुरू करू नये, कारण के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. काकूंना रक्तदाबाची गोळी चालू होती. पाकिटावर याबद्दल एक ओळही नव्हती, याचा मला आजही राग आहे.

दुसऱ्या दिवशी त्या लघवी तपासायला देऊन आल्या. तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आल्या. ई. कोलायच होता. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकापुढं इंग्रजी ‘एस’ किंवा ‘आर’ हे अक्षर. एस म्हणजे जंतू या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही. ही अक्षरं कुठून आली, ते मी त्यांना दाखवलं. त्यांच्याच लघवीतले जंतू ताटलीवर पसरून, प्रत्येक औषधाची चकती ठेवून, सकाळी वर्तुळं मोजलेली. आधी त्यांना सांगितलेली तीच ताटली, तीच वर्तुळं. फरक इतकाच, की या औषधांच्या बाबतीत किती मिलिमीटरचं वर्तुळ पडलं तर माणसाच्या अंगातही ते लागू पडतं, याचे तक्ते बनलेले आहेत, माणसांवरचा अनुभव जोडून. डँडेलियनसाठी तसा तक्ता नाही.

काकूंनी बोटानं यादी खालपर्यंत वाचली. दोन औषधांपुढं आर होतं. “ही चालत न्हाईत व्हय मला?” डॉक्टरांनी एस असलेलं औषध लिहून दिलं होतं. पाच दिवसांचं, आणि तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली तरी त्यांनी पाचही दिवस घेतलं.

परवा पावसानं उघडीप दिल्यावर त्या माहेरच्या शेतावर जाऊन आल्या. येताना पदरात बांधून पाथरीचा जुडगा आणला, मुळाची माती तशीच. लसूण घालून परतली, आणि अर्धी वाटी माझ्याकडं पाठवली.